कायद्याची भाषा आणि कचेरीची भाषा : मॅनिटोबा प्रांतातील फ्रेंच शासनसेवांचा इतिहास

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः संविधानातील कलमांवर व न्यायालयांच्या निर्णयांवर खिळते. हे स्वाभाविक आहे. कारण लिखित साधने तेथेच विपुल असतात. परंतु सामान्य नागरिकाचा शासनाशी नित्याचा संबंध येतो तो जन्माचा दाखला, वाहनाचा परवाना, कराचा भरणा अशा प्रसंगी, कचेरीच्या खिडकीपाशी. कायद्याची भाषा आणि या खिडकीची भाषा यांचे भवितव्य एकच असते, असे आपण गृहीत धरतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताचा इतिहास या गृहीताची कसोटी घेणारा आहे. तेथील फ्रेंच भाषिकांना संविधानाने जे दिले होते ते शंभर वर्षांच्या झगड्यानंतर न्यायालयात परत मिळाले. मात्र ज्याची त्यांना अधिक निकड होती ते त्या कलमात मुळी नव्हतेच.

१

हडसन्स बे कंपनीच्या ताब्यातील विस्तीर्ण प्रदेश कॅनडाकडे सोपविला जात असता, १८६९-७० मध्ये रेड नदीकाठच्या रहिवाशांनी लुई रिएल याच्या नेतृत्वाखाली आपल्या अटींचा आग्रह धरला. त्या आग्रहातून १८७० चा मॅनिटोबा अधिनियम निर्माण झाला. वसाहतीची लोकसंख्या त्या वेळी जेमतेम १२,००० होती. तीत युरोपीय व मूळनिवासी अशा दुहेरी वंशाच्या मेती लोकांचा भरणा मोठा असून फ्रेंच व इंग्रजी बोलणारे समाज संख्येने जवळजवळ तुल्यबळ होते. अधिनियमाच्या २३ व्या कलमाने विधिमंडळाच्या चर्चेत व न्यायालयांत दोहोंपैकी कोणतीही भाषा वापरण्याची मुभा दिली, आणि विधिमंडळाची कामकाजपत्रे व अधिनियम दोन्ही भाषांत प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. मात्र प्रशासनाने नागरिकाशी कोणत्या भाषेत व्यवहार करावा, याविषयी कलम मौन पाळते. दोन्ही समाज समसमान असताना हे मौन कोणाला जाणवले नसावे.

पुढील वीस वर्षांत आँटॅरिओकडून आलेल्या वसाहतवाल्यांच्या लोंढ्याने हा समतोल नाहीसा केला. १८९१ च्या सुमारास फ्रेंच भाषिक दहा टक्क्यांहूनही कमी झाले होते. १८९० मध्ये प्रांतिक विधिमंडळाने इंग्रजी हीच प्रांताची राजभाषा असल्याचा अधिनियम संमत केला. सेंट बोनिफेस येथील काउंटी न्यायालयाने १८९२ मध्ये, आणि पुन्हा १९०९ मध्ये, हा अधिनियम विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. पण शासनाने दोन्ही निर्णयांकडे सरळ दुर्लक्ष केले. १९१६ मध्ये शाळांतील द्वैभाषिक शिक्षणही बंद करण्यात आले. तपासनीस येताच फ्रेंच पुस्तके लपविणाऱ्या शिक्षकांची आठवण त्या समाजात दीर्घकाळ जिवंत राहिली. या काळाचा ठसा केवळ कायद्यावर उमटला नाही. शासनाशी बोलावयाचे ते इंग्रजीतच, ही सवय पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडली. तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

२

१९७६ मध्ये सेंट बोनिफेस येथील व्यावसायिक जॉर्ज फॉरे यांच्या हाती वाहन उभे करण्याच्या नियमभंगाचे केवळ इंग्रजीत लिहिलेले दंडपत्र पडले. त्यावरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ च्या डिसेंबरात १८९० चा अधिनियम घटनाबाह्य ठरला. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल १९८० मध्ये इंग्रजी समन्स मिळालेल्या रॉजर बिलोदो यांनी त्यापुढचा प्रश्न उपस्थित केला : जे कायदे केवळ इंग्रजीत संमत झाले ते कायदे तरी आहेत काय?

या प्रश्नाच्या उत्तराने प्रांताची संपूर्ण विधिव्यवस्था कोसळण्याचा संभव असल्याने १९८३ मध्ये तडजोडीचा मार्ग काढण्यात आला. हॉवर्ड पॉली यांचे प्रांतिक सरकार, केंद्र सरकार आणि फ्रेंच भाषिकांची प्रातिनिधिक संस्था सोसिएते फ्रँको-मॅनिटोबेन यांच्यात ठरले ते असे : सुमारे साडेचार हजार जुन्या अधिनियमांचे भाषांतर करण्याचा आग्रह समाजाने सोडावा, त्यांपैकी महत्त्वाच्या सुमारे चारशेंचेच भाषांतर व्हावे, आणि मोबदल्यात मुख्य शासकीय कार्यालयांतून फ्रेंच भाषेत सेवा मिळण्याचा हक्क संविधानात नोंदविला जावा. या सौद्यात त्या समाजाने आपल्या गरजांचे केलेले मूल्यमापन स्पष्ट दिसते. कालबाह्य अधिनियमांची फ्रेंच प्रत कोण वाचणार होते? खिडकीपाशी फ्रेंच समजणारा कर्मचारी असणे हे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

परंतु नेमक्या याच भागाला कडवा विरोध झाला. इंग्रजी भाषिकांच्या नोकऱ्यांवर गदा येईल, ही भीती त्यामागे होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात विनिपेग व इतर नगरांत घेतलेल्या सार्वमतांत कौल विरोधी गेला. विधिमंडळात मतदानाची घंटा दिवसेंदिवस वाजत राहिली तरी विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्य सभागृहात आले नाहीत. अखेर फेब्रुवारी १९८४ मध्ये अधिवेशन संस्थगित झाले व तडजोड बारगळली.

प्रकरण न्यायालयाकडे परतले. १३ जून १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८९० पासूनचे सर्व एकभाषिक अधिनियम अवैध ठरविले. मात्र कायद्याचे राज्य खंडित होऊ नये म्हणून भाषांतर पूर्ण होईपर्यंत ते तात्पुरते अंमलात ठेवले. विजय मोठा होता. पण १९८६ मध्ये बिलोदो यांच्या स्वतःच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की समन्स दोन्ही भाषांत असण्याची आवश्यकता नाही. भाषानिवडीचा हक्क समन्स काढणाऱ्याचा आहे, ते स्वीकारणाऱ्याचा नव्हे. म्हणजे साडेचार हजार अधिनियमांना फ्रेंच रूप मिळणे क्रमप्राप्त झाले, आणि ज्या कागदावरून हा वाद उद्भवला तो कागद मात्र इंग्रजीतच राहू शकत होता.

३

सेवांचा मार्ग अखेर संविधानाबाहेरून निघाला. १९८९ मध्ये प्रांतिक सरकारने फ्रेंच भाषासेवांचे धोरण जाहीर केले. हे सरकार गॅरी फिलमन यांच्या नेतृत्वाखालील, म्हणजे पाच वर्षांपूर्वी सभागृहाबाहेर राहिलेल्या पक्षाचेच होते. न्यायालयीन सक्तीचा व संविधानदुरुस्तीचा प्रश्न दूर झाल्यावर तीच गोष्ट प्रशासकीय सोय म्हणून स्वीकारणे राजकीय दृष्ट्या सुकर झाले असावे.

परंतु धोरण असूनही सेवेची मागणी अल्प दिसे, आणि मागणी नाही म्हणजे गरज नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. येथे पूर्वोक्त सवयीचा विचार केला पाहिजे. मॅनिटोबातील जवळजवळ प्रत्येक फ्रेंच भाषिकास इंग्रजी अवगत असते. फ्रेंचचा आग्रह धरल्यास अधिक वेळ थांबावे लागेल, समोरचा कर्मचारी अवघडेल, या जाणिवेने तो इंग्रजीतच बोलू लागतो. त्याचे हे सौजन्य नोंदवहीत ‘मागणी नाही’ या रूपाने उतरते, आणि त्या नोंदीच्या आधारे द्वैभाषिक जागा रिकाम्या ठेवता येतात.

न्यायाधीश रिशार शार्तिए यांनी १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालाचे मर्म या दुष्टचक्राच्या छेदात आहे. नागरिकाने मागावे आणि मग शासनाने द्यावे, हा क्रम त्यांनी उलटविला. कर्मचाऱ्याने पहिल्या शब्दापासूनच दोन्ही भाषांत अभिवादन करून सेवा आपण होऊन देऊ करावी, या तत्त्वावर त्यांनी भर दिला. तसेच द्वैभाषिक कर्मचारी इंग्रजी कार्यालयांत एकेकटे विखुरण्याऐवजी फ्रेंच वस्तीच्या भागांत स्वतंत्र सेवाकेंद्रे काढावीत, अशी शिफारस केली. त्यानुसार सेंट बोनिफेस, नोत्र-दाम-द-लूर्द, सें-पियेर-जोली इत्यादी ठिकाणी केंद्रे निघाली.

२०१६ मध्ये फ्रेंच भाषिक समाजाच्या संवर्धनाचा अधिनियम विधिमंडळाने एकमताने संमत केला. ज्या सभागृहात १९८४ मध्ये नुसत्या घंटा वाजत राहिल्या, तेथे हे घडले, ही गोष्ट लहान नव्हे. या अधिनियमाने समाजाची व्याख्याही विस्तृत केली : मातृभाषा फ्रेंच असणाऱ्यांबरोबरच, त्या भाषेशी विशेष जवळीक असून दैनंदिन जीवनात ती वापरणारेही त्यात समाविष्ट झाले. २०२१ च्या शिरगणतीत फ्रेंच मातृभाषा असणारे प्रांतात सुमारे ३ टक्केच होते. फ्रेंच बोलू शकणारे मात्र एक लाखाहून अधिक. तेव्हा व्याख्येचा हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष संविधानाचे महत्त्व कमी लेखणारा नाही. २३ वे कलम नसते तर १९८३ ची वाटाघाटही झाली नसती. साध्या अधिनियमाने दिलेले, साधा अधिनियम काढून घेऊ शकतो, हा धोकाही उरतोच. तथापि अल्पसंख्याकाच्या भाषेचे शासनातील स्थान मोजताना तिच्यात किती कायदे छापले गेले एवढेच पाहणे पुरेसे नाही. ती भाषा बोलणारा माणूस कचेरीत शिरला असता पहिला शब्द कोण व कोणत्या भाषेत उच्चारतो, हेही पाहिले पाहिजे.