मंदी, घर आणि सोलापूरचा कामगार

सन २००८ च्या जागतिक मंदीचा उगम अमेरिकेतील गृहकर्जांत होता. आधी घरांच्या किमती कोसळल्या, मग रोजगार गेले. सोलापुरात हा क्रम उलटा दिसतो. १८७७ मध्ये स्थापन झालेली 'जुनी गिरणी' विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली आणि अनेक कुटुंबांचा भार घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांवर आला. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होय. छप्पर गळून तंबाखू भिजली, तर मजुरीच बुडते. घराला केवळ मालमत्ता मानणारे अर्थशास्त्र येथे अपुरे पडते. सन २००६ मध्ये कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे विडी कामगार स्त्रियांना मिळाली. ती बाजाराने नव्हे, तर केंद्र, राज्य व या स्त्रिया अशा तिघांच्या वाट्यातून उभी राहिली.