गिरणगावात राहावे काय?

लालबाग-परळमधील खोली ठेवावी की विकावी, हा प्रश्न आज अनेक ज्ञातिबांधवांपुढे आहे. त्याचे उत्तर या वस्तीच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवास मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळपर्यंत गिरण्या व त्यांभोवती चाळी उभ्या राहिल्या. खोली एकच, नळ व शौचकूप सामाईक. हे सुख खचित नव्हे. परंतु भोंगा होताच कामगार पायी कामावर पोहोचे, आणि गावाहून आलेल्यास खानावळीचा व शेजाऱ्यांचा आधार मिळे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने जमिनींच्या नव्या वापरास वाट दिली, आणि मनोरे आले. वाटा मात्र अरुंदच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

तथापि केईएम व टाटा ही रुग्णालये येथे हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून आमचे मत असे की, ज्यांचा रोजगार वा औषधोपचार येथे आहे, त्यांनी केवळ रकमेच्या मोहाने खोली विकू नये. मात्र पुनर्बांधणीस संमती देण्यापूर्वी मासिक देखभालखर्च किती व तो कोण सोसणार, हे लेखी ठरवून घ्यावे.