साथीची धास्ती आणि नित्याचा धोका : ठाणे-कल्याण परिसराचे एक ऐतिहासिक अवलोकन

ठाणे १८५३ मध्ये व कल्याण १८५४ मध्ये लोहमार्गाने मुंबईशी जोडले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यानंतर कल्याण स्थानकावर उतारूंची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. रोग रेल्वेने पसरेल, ही त्यामागील भीती निराधार नव्हती.

तशीच धास्ती २००९ मध्ये स्वाइन फ्लूने निर्माण केली. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातील पहिला बळी गेला आणि माध्यमांतून मृतांची संख्या रोज झळकू लागली. मुंबई परिसरातील शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. त्या वर्षी देशात या रोगाने सुमारे एक हजार माणसे दगावली. त्याच वर्षी क्षयाने अडीच लाखांहून अधिक भारतीयांचा बळी घेतला, तर मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर तीन हजारांहून अधिक मृत्यू झाले. हे मृत्यू मात्र बहुतांशी दप्तरी नोंदीपुरतेच उरले.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून अनेक प्रवासी एकाच वेळी पडले, काही मरण पावले. तेव्हा हाच नित्याचा धोका ठळक बातमी ठरला आणि नव्या गाड्यांना स्वयंचलित दारे बसविण्याचा निर्णय तत्काळ जाहीर झाला.

साथीबाबतची दक्षता अनाठायी नसते. साथ किती वाढेल हे आरंभी कळत नाही. परंतु उपाययोजना भयाच्या मागोमाग येत असेल, तर ज्या मृत्यूची सवय झाली आहे, तो उपायावाचूनच राहतो.