किल्लारीच्या जमिनीची साक्ष

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने औसा तालुक्यातील किल्लारी जमीनदोस्त झाले. त्या वेळच्या प्रमाण नकाशात हा भाग भूकंपाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. हे क्षेत्र ठरवण्यात जुन्या भूकंपांच्या नोंदींना मोठे वजन होते. पण नोंद नाही म्हणून धक्काही नाही, असे मानता येईल का?

सर्वांत जवळचा पुरावा वर्षभर आधीचा. 18 ऑक्टोबर 1992 रोजी रिश्टर मापनानुसार चारच्या आसपासचा धक्का बसला होता आणि त्याच्या मागेपुढे लहान धक्के जाणवत होते. एवढे निश्चित आहे.

दुसरा पुरावा घरांचा. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. हादऱ्यांची आठवण असलेले गाव डोक्यावर एवढा भार घेईल का, असे वाटते. मात्र हा तर्क मला दुबळा वाटतो. उन्हाळा दरवर्षी येतो. माळवद त्याच्यासाठी असते.

जमीन अधिक नेमके बोलते. भूकंपानंतर गावाजवळ पृष्ठभागावर तुटक भेग दिसली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे 617 मीटर खोल विंधनविवर घेतले. लाव्हाचा काळा पाषाण सुमारे 338 मीटरवर संपला, त्याखाली सुमारे 8 मीटर गाळ लागला आणि मग प्राचीन पायाखडक. ज्या लाव्हाला आपण दख्खनचा भक्कम पाया समजतो, तो इथे नुसते पांघरूण निघाला; त्याखाली पूर्वी काय हलले असेल, हे वरून कळत नाही.

सर्वांत दूरचा धागा तेरणा नदीच्या वरच्या अंगाला, तेर या गावी सापडतो. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारी व तेर इथे केलेली पाहणी 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. तेरच्या थरांतील विरूपण सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाचे असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो ग्राह्य धरला, तर नकाशातली शांतता केवळ नोंदींच्या तोकडेपणाची ठरते.

त्याच तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आजही उभे आहे. ते त्या धक्क्यातून तगले की त्यानंतर उभारले गेले? मंदिराचा काळ शैलीवरून ठरवलेला, भूकंपाचा थरांवरून. दोन्हींत शतकांची सैल जागा आहे. आधी काय घडले, हे त्या जागेत अडकून पडले आहे.