दिव्यांच्या अक्षरांची कुळकथा

लग्नाच्या स्टेजवर हल्ली नवरा-नवरीची आद्याक्षरं लाकडी खोक्यांतून लुकलुकतात. खूळ नवं वाटतं, पण मूळ १८८२चं. त्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या वीज-प्रदर्शनात एडिसनचा इंजिनिअर विल्यम हॅमर याने बल्बांनी नाव लिहिलं, तेही मालकाचंच! दिवे हाताने चालू-बंद करावे लागत. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याने मोटर लावून एकेक अक्षर आपोआप पेटवलं. दिव्यांची जाहिरात जन्मली तीच साहेबाची खुशामत करत.

उघड्या बल्बांचा उजेड लांबून एकमेकांत मिसळतो आणि अक्षराचा नुसता गोळा दिसतो. म्हणून अक्षराला चहूबाजूंनी उभी कड आली. तिच्यामुळे दिवे बंद असतानाही नाव वाचता येतं. ही खोकी पत्र्याची असत, कारण तारेचा बल्ब चांगलाच तापतो. लाकूड करपलं असतं. १९१०मध्ये पॅरिसला जॉर्ज क्लॉदने निऑन दाखवला आणि पुढे दुकानांच्या पाट्यांवरून बल्ब मागे पडले.

आपल्याकडे स्टेजवरची नावं बराच काळ थर्माकोलची, तापल्या तारेने कापलेली, चमकी लावलेली. मार्च २०१८मध्ये राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि प्लायवूडला आयतंच निमित्त मिळालं. पण लाकडाला खरा परवाना दिला तो एलईडीने. १९९०च्या दशकात प्रखर निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा आला. बारा व्होल्टवर चालणारी एलईडीची माळ फारशी तापत नाही, शॉकची भीतीही नाही.

अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीत कुणी गावाचंच नाव घरी करायला घेतलं, तर आपली लिपी किती सोयीची ते कळेल. रोमनमध्ये सहा सुटी खोकी आणि प्रत्येकाची जोडणी वेगळी. देवनागरीत शिरोरेषेच्या पोटातून वायर सरळ जाते, अक्षरं रेषेला लटकतात. कटकट वरच्या मात्रेची आणि वेलांटीची: कडेची प्लायपट्टी तिथे वळवताना मोडते. आतल्या अंगाने करवतीचे एकमेकांलगत, आरपार न जाणारे खोल चिरे दिले की ती मुकाट वळते. ‘म’च्या गाठीत जिगसॉचं पातं शिरत नाही, आधी ड्रिलने भोक पाडायचं. खोकं आतून पांढरंच रंगवावं, उजेड दुणावतो. अ‍ॅडॅप्टर मात्र बाहेर, हवेशीर.