ख्मेर मल्लविद्या : गुरुशिष्यांची साखळी

दगडात कोरले ते टिकते, असे आपण म्हणतो. कंबोडियातली जुनी देवळे पाहिली की ते पटतेही. सन 967 मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बांतेआय स्रेई या मंदिरावर वाली आणि सुग्रीव एकमेकांना भिडलेले आहेत. बाराव्या शतकातल्या अंगकोर वाटच्या भिंतींवर कुरुक्षेत्राचे आणि लंकेचे युद्ध आहे. पुढच्या बायोन मंदिरावर ख्मेर आणि चाम सैन्यांच्या लढाया आहेत, मल्लांची झुंजही आहे.

पण चित्र पाहून कोणी पैलवान झाला आहे काय? पकड चित्रात दिसते. जोर कुठे लावायचा, पाय केव्हा काढून घ्यायचा, हे मात्र गुरूच सांगतो. ख्मेर भाषेत गुरूला 'क्रू' म्हणतात. हा शब्द आपल्या 'गुरू'चेच रूप आहे.

या विद्येचे दोन प्रकार मुख्य. पहिला बोकातोर. त्यात ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, पकड, फेक आणि शस्त्रेही येतात. कितीतरी डाव प्राण्यांच्या हालचालींवरून घेतलेले. नावाचा अर्थ सिंहाला ठोसणे, असा सांगतात. शिष्य कमरेला 'क्रमा' बांधतो, म्हणजे आपल्या पंचासारखे वस्त्र. नवशिक्याचा क्रमा पांढरा. विद्या वाढते तसा रंग बदलतो.

दुसरा प्रकार प्रदाल सेरेई, म्हणजे मुक्त मुष्टियुद्ध. त्यालाच आता कुन ख्मेर म्हणतात. पूर्वी हाताला दोर गुंडाळून लढत. फ्रेंचांच्या अमलात हातमोजे आले, चौकोनी रिंगण आले, घड्याळ आले. आता तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या होतात. पण लढतीआधी गुरुवंदना चुकत नाही. सनईसारखे स्रालाय आणि सांफो नावाचा ढोल वाजू लागतो, त्या लयीवर खेळाडू गुरूला नमन करतो. मग लढत रंगेल तशी लयही चढते.

आता या साखळीवर घाव कसा पडला, ते ऐका. 17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज फौजा नॉम पेन्ह या राजधानीत शिरल्या. शहरे रिकामी झाली, माणसे शेतावर वेठीला जुंपली गेली. एका शाळेचा तर तुरुंग झाला, आणि तिथे हजारोंचा छळ झाला. 7 जानेवारी 1979 रोजी ती राजवट पडली, तोवर सुमारे 17 ते 20 लाख माणसे मेली होती. शिक्षक, कलावंत, मल्लविद्येचे गुरू यांची त्यात फार मोठी हानी झाली. देवळे उभीच होती बरं का, शिकवणारे गेले. हजार वर्षांचा दगड टिकला आणि पावणेचार वर्षांत विद्या मरणाच्या दारी आली.

जे थोडे वस्ताद उरले, ते भीतीने गप्प होते. अमेरिकेत आश्रय घेतलेले सान किम सेआन 1990 नंतर मायदेशी परतले. त्यांनी गावोगावचे वृद्ध गुरू शोधून काढले, त्यांना बोलते केले आणि मुलांना शिकवायला लावले. सन 2006 मध्ये नॉम पेन्हला बोकातोरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 2022 च्या नोव्हेंबरात युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. 2023 मध्ये कंबोडियाने भरवलेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत दोन्ही प्रकार खेळले गेले. त्या वेळी 'कुन ख्मेर' या नावावरून थायलंडशी वाद झाला. त्यांचे मुए थाय याच जातीचे आहे.

मूळ कुणाचे, हा वाद चालू राहील. शिक्षक बंधुभगिनींनो, अंगकोरचा धडा शिकवाल तेव्हा राजांच्या नावांबरोबर या म्हाताऱ्या गुरूंचीही गोष्ट मुलांना सांगा. देवळे राजांनी बांधली. पण विद्या या माणसांनी आपल्या हातापायांत सांभाळली, आणि डोळे मिटण्याआधी पुढच्याच्या हाती दिली.