दुसऱ्या शाखेतून आलेले

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी समाजकार्याचा एक कोर्स घेतला. आता कारण सांगताना काहीतरी भारदस्त सांगायचा मोह होतो, पण खरं कारण वेळापत्रक हे होतं. आपल्या विभागाबाहेरचा एक विषय घेणं सक्तीचं होतं, अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, आणि "इथे लेखी परीक्षेला फारसे मार्क नाहीत" असं एका सीनियरनं सांगितलं होतं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे एनएसएससारखंच ना? झाडं लावायची?"

वर्गात इंजिनिअरिंगचे आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी ओळख करून देताना "मी मेकॅनिकलचा" म्हटल्यावर वर्ग हसला. हसण्यात खवचटपणा नव्हता. लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरलेल्या माणसाकडे बघून हसतात, तसं ते होतं. सेमिस्टरभर मी पाहुण्यासारखाच वावरलो. पुढे नोकरीला लागल्यावर या विषयाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. ज्यांनी हे घर बांधलं, ते सगळेच दुसऱ्या शाखेतून आलेले होते.

शिकागोपासून सुरुवात करू. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये तिथल्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत 'हल हाउस' सुरू केलं. सुशिक्षित माणसांनी गरिबांच्या वस्तीत राहायला जायचं, शेजारी व्हायचं, ही कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलवरून घेतलेली. हल हाउसमध्ये राहायला आलेल्या बायकांची यादी बघण्यासारखी आहे. फ्लॉरेन्स केली कायद्याची पदवी घेतलेली. तिच्या पुढाकारानं आजूबाजूच्या घरांची पाहणी झाली, आणि कोणत्या घरात कुठून आलेली माणसं राहतात, आठवड्याला किती कमावतात, हे रंगांनी दाखवणारे नकाशे १८९५ मध्ये छापले गेले. आज आम्ही ज्याला डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतो, ते हे. अ‍ॅलिस हॅमिल्टन डॉक्टर होती. शिशाची विषबाधा शोधायला ती कामगारांच्या घरी आणि गुत्त्यांतसुद्धा जाऊन विचारपूस करायची. १९१९ मध्ये ती हार्वर्डची पहिली स्त्री-प्राध्यापक झाली. ईडिथ अ‍ॅबट अर्थशास्त्राची. सोफोनिस्बा ब्रेकिनरिज कायदा आणि राज्यशास्त्राची. या दोघींच्या प्रयत्नांनी १९२० मध्ये समाजकार्याचं शिक्षण शिकागो विद्यापीठात दाखल झालं.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला होता. दानधर्म करणाऱ्या संस्थांमधल्या माणसांना पद्धतशीर काहीतरी शिकवावं, एवढाच हेतू. अमेरिकेतल्या समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात तिथून मोजतात. म्हणजे विद्यापीठीय विषय होण्याआधी हा विषय उन्हाळ्याच्या सुट्टीतला क्लास होता.

मग १९१५ साल उजाडलं. वैद्यकीय शिक्षणावर गाजलेला अहवाल लिहिणारे अब्राहम फ्लेक्सनर बाल्टिमोरच्या परिषदेत बोलायला उभे राहिले. प्रश्न होता, समाजकार्य हा व्यवसाय आहे का? 'व्यवसाय' म्हणजे वैद्यकी किंवा वकिली ज्या अर्थानं व्यवसाय आहेत, त्या अर्थानं. या विषयावर बोलायचा आपला अधिकार फारसा नाही, असं आधी सांगून त्यांनी निकाल दिला की नाही, अजून नाही. समाजकार्यकर्ता मध्यस्थ असतो. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेतो, भांडण वकिलाकडे नेतो, मूल शाळेत नेतो. पण त्याचं स्वतःचं वेगळं तंत्र कुठे आहे?

हा घाव समाजकार्याच्या लोकांना फार वर्षं ठसठसत राहिला. मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' १९१७ मध्ये आलं, तेव्हा अनेकांना त्यात उत्तर सापडलं. माणसाच्या परिस्थितीबद्दलची माहिती कुठून मिळवायची, कोणाचा शब्द किती धरायचा, ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं कसं करायचं, याची ती शिस्त होती. वैद्यक, कायदा, इतिहास अशा सगळीकडून त्यांनी पुराव्याच्या रीती उचलल्या. या रिचमंडबाई स्वतः कॉलेजात कधी गेलेल्या नव्हत्या.

हे शिकागो मुंबईत पोचलं ते क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्यामार्फत. शिकागो विद्यापीठात शिकलेला हा माणूस १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आला. मिशननं १९२६ मध्ये नागपाड्यात नेबरहुड हाउस उभं करायचं काम हाती घेतलं, त्याचे ते पहिले संचालक. शेजारी कामाठीपुरा, आसपास गिरण्या आणि चाळी. वस्तीत काम करता करता मॅनशार्ट यांच्या लक्षात आलं की चांगल्या मनाची माणसं मुंबईत कमी नाहीत, पण शिकून तयार झालेली माणसं नाहीत. त्यांच्या योजनेला टाटा ट्रस्टनं पैसे दिले, आणि १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' नागपाड्यातच सुरू झालं. १९४४ मध्ये तिचं नाव बदललं. आज आपण तिला टिस म्हणतो.

त्या नावातला 'ग्रॅज्युएट' शब्द मला महत्त्वाचा वाटतो. प्रवेशासाठी पदवी हवी होती, आणि समाजकार्याची पदवी देणारी संस्था देशात त्याआधी नव्हती. म्हणजे पहिल्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्याच कुठल्यातरी शाखेतून आलेला असणार. "मी मेकॅनिकलचा" म्हटल्यावर हसायला त्या वर्गात कोणीच नव्हतं.

पुढे विषयाला भिंती आल्या. पदव्या आल्या, विभाग आले, अमेरिकेचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलल्याची टीकाही आली. आणि बाकीच्या शाखांसाठी वेगळं दार निघालं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, ४०,००० विद्यार्थ्यांसह. आईची झाडं तिथली. दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. एनएसएसला नावं ठेवायचा माझा विचार नाही. गाव पहिल्यांदा बघितलेली कितीतरी मुलं त्यामुळेच ते बघू शकली. पण या वाटणीत एक गोष्ट घडली. काही मुलं प्रश्न विचारायला शिकली आणि बाकीच्यांना श्रमदान मिळालं. तास भरले की प्रमाणपत्र.

माझ्या कोर्सचा फरक इथे होता. आठवड्यातून एक दिवस फील्डवर्क, आणि त्याचं 'रेकॉर्डिंग'. रेकॉर्डिंग म्हणजे टेप नव्हे. वस्तीत काय विचारलं, समोरचा काय म्हणाला, तेव्हा आपल्याला काय वाटलं, हे सगळं वहीत लिहून द्यायचं. मला पाणी आणि रेशन यांच्या पाहणीचे फॉर्म भरायला दिले होते. एका घरात मी विचारलं, "मावशी, कुटुंबप्रमुख कोण?" त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं. मी लिहिलं. पुढे बोलताना कळलं की नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला होता. धुणीभांडी करून घर त्याच चालवत होत्या. मी नाव खोडलं नाही. त्यांनी सांगितलं ते लिहिलं, माझं काम संपलं.

वही परत आली तेव्हा मॅडमनी त्या ओळीखाली लाल पेननं लिहिलं होतं : "त्यांनी हे नाव का सांगितलं, विचारलंस?"

पुढच्या आठवड्यात विचारलं. जुनं कार्ड त्याच्या नावावर होतं. नाव बदलायला गेलं तर कार्डच जाईल, अशी भीती होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डापुरतं घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईलाच प्रमुख मानलं आहे, हे मला मॅडमनी सांगितलं आणि मी मावशींना. त्या म्हणाल्या, "कायदा असेल रे, पण खिडकीवर कोण बसलंय ते बघ." फ्लेक्सनर म्हणतात ती मध्यस्थी हीच असेल, तर तिला तंत्र नाही असं मला तरी म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एका योजनेच्या लाभार्थी-नोंदणीचं काम आमच्या टीमकडे आलं. फॉर्मवर तोच रकाना : कुटुंबप्रमुखाचं नाव, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी मीटिंगमध्ये विचारलं, प्रमुख म्हणजे कोण? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग उत्तर आलं की कागदी फॉर्मवर आहे तसंच हवं. रकाना सक्तीचाच राहिला. खूप घासाघीस करून मला त्याखाली एक 'शेरा' मिळाला, ३०० अक्षरांचा, ऐच्छिक.

फ्लॉरेन्स केलीच्या नकाशातली घरं आता आमच्या टेबलांमधल्या ओळी आहेत. त्यांचे रकाने माझ्यासारखी मुलं ठरवतात, आणि आमच्यातल्या बहुतेकांच्या वहीवर असा लाल शेरा कोणी मारलेला नसतो. अशा कोर्सकडे आमच्या मुलांनी 'स्कोरिंग सब्जेक्ट' म्हणून का होईना, वळावं असं मला म्हणूनच वाटतं.

चाचणीच्या काळात एक एरर शोधताना नोंदी चाळत होतो. बहुतेक शेरे रिकामे होते. एकात, नोंदणी करणाऱ्या कोणीतरी टाइप केलं होतं : "नवरा नांदवत नाही. कागद त्याच्या नावावर. पैसे बाईंच्या खात्यात टाकावेत."

एररचं कारण सापडलं. त्या शेऱ्यात ओळ मोडली होती आणि आमचा कोड ते धरत नव्हता. मी दुरुस्ती केली आणि शेरा जसाच्या तसा ठेवला. नंतर क्लायंटला मेल लिहिला : हा रकाना पुढे कोण वाचणार आहे?